बेहड्याची हाक

बाळांनो, ही गोष्ट एका घनदाट जंगलातली आहे. त्या जंगलात पाणवठ्याकडे जाणारी वाट एकच होती, आणि त्या वाटेच्या अगदी अरुंद जागी बेहड्याचे एक जुनाट झाड उभे होते. खोड आतून पोखरलेले, वर एक मोठी ढोली, अंगभर शेवाळ. एरवी ते झाड मुकाट असे. पण कधीतरी, ध्यानीमनी नसताना, त्याच्या ढोलीतून एक लांबलचक हुंकार निघे. कुणीतरी दूर उभे राहून, नाव न घेता, आपल्यालाच बोलावत आहे असे ऐकणाऱ्याला वाटे.

त्या हुंकाराला सगळे ‘हाक’ म्हणत. समजूत अशी होती, की हाक आली त्या वेळी जो प्राणी झाडाच्या सावलीत असेल, तो त्याच क्षणी मेला. त्याचे शरीर तेवढे चालते-बोलते उरते. त्या शरीराने सूर्य मावळण्याआधी कड्यापलीकडच्या दरीत उतरून जायचे. गेले नाही, तर झाड साऱ्या कळपाला नेते. जाणाऱ्याकडे कुणी पाहायचे नाही, सगळ्यांनी पाठ फिरवून उभे राहायचे. मागाहून त्याचे नाव काढायचे नाही. आणि तो पुन्हा कुठे दिसलाच, तर ते भूत समजायचे. भुताशी बोलायचे नाही.

हे सारे कुणी ठरवले, कुणालाच ठाऊक नव्हते. पण दरीत गेलेला एकही प्राणी परत आला नव्हता. तेवढा पुरावा सगळ्यांना पुरेसा होता.

या जंगलात हरणे आणि वानरे शेजारधर्माने राहत. वानरांचा म्होरक्या ऐनाच्या उंच झाडाच्या शेंड्यावर बसून पहारा करी आणि बिबट्याची चाहूल लागली की खाकरून सगळ्यांना सावध करी. त्याच्यामुळे कितीतरी जिवांचे प्राण वाचले होते. तो लबाड नव्हता, कुणाचे वाईट चिंतणाराही नव्हता. म्हणूनच हाक आली, की पुढचे सारे त्याच्या सांगण्याप्रमाणे होई. त्या समजुतीवर त्याच्याइतका विश्वास कुणाचाच नव्हता.

हरणांच्या कळपात एक तरुण हरिणी होती. ती काही शंकेखोर नव्हती. मागे एका सशाला हाक आली, तेव्हा सगळ्यांबरोबर तिनेही पाठ फिरवली होती. आता तिला एक पाडस झाले होते. ते अजून गवताला तोंड लावत नव्हते. आईच्या मागे मागे धावायचे, आणि आई थांबली की ढुशा देऊन दूध प्यायचे, एवढेच त्याला कळत होते.

एके दिवशी दुपार कलताना हरिणी पाडसाला घेऊन पाणवठ्यावरून परतत होती. डोंगरावर ढग जमू लागले होते. पाडस उड्या मारत पुढे गेले आणि बेहड्याच्या सावलीतून पार झाले. हरिणी सावलीत शिरली, तोच डोंगराकडून वाऱ्याचा झोत आला आणि डोक्यावरची ढोली हुंकारू लागली.

पाणवठ्यावरच्या सगळ्यांनी माना वर केल्या. पाणी पिणारी तोंडे तशीच थांबली, त्यांच्यावरून थेंब गळत राहिले. हुंकार वाढत गेला, थरथरला आणि विरून गेला. मग एकेक पाठ फिरू लागली. आधी रानडुकरे वळली, मग मोर, मग हरणे. सगळ्यांत शेवटी हरिणीच्या थोरल्या बहिणीने पाठ फिरवली.

म्होरक्या वानर झाडावरून उतरला. त्याने हरिणीकडे पाहिले नाही. जमिनीकडे बघत तो म्हणाला, “सूर्य मावळायच्या आत नीघ. मागे वळून पाहू नकोस.”

हरिणी म्हणाली, “माझं पाडस अजून गवत खात नाही.”

“त्याला दुसरी कुणी पाजेल,” वानर हळू आवाजात म्हणाला. “मेलेल्यांनी जिवंतांची काळजी करायची नसते.”

तो हे कठोरपणे बोलला नाही. एखाद्याला नदीचा उतार दाखवावा, तसे त्याने सांगितले. त्यामुळेच हरिणीला ते खरे वाटले. तिचे पाय गार पडले. आपले अंग हलके झाले आहे, खुरांखालची जमीन आपल्याला जाणवत नाही, असे तिला वाटू लागले. ती कड्याच्या दिशेने चालू लागली. मागून पाडसाने हाक मारली. ते धावत निघाले असावे, कारण कुणीतरी त्याला अडवल्याचा आवाज आला. हरिणीने मान वळवली नाही. मेलेल्यांना मान वळवता येत नाही, असेच तिला वाटले.

दरीत धुके साचले होते. वर वारा होता, इथे पानही हलत नव्हते. एकही पक्षी नव्हता. हरिणी उतरत उतरत तळाशी आली आणि थबकली.

समोर करवंदीची जाळी होती, पिकल्या करवंदांनी लगडलेली. तिच्याखाली एका सशाची हाडे पडली होती. सांगाडा बसल्या जागी होता तसाच होता. कुणी त्याला ओढला नव्हता, फाडला नव्हता. पुढे एक झरा झुळझुळत होता आणि त्याच्या काठाला, पाण्याला तोंड लागेल इतक्या जवळ, साळिंदराचे काळे-पांढरे काटे विखुरले होते. आणखी पुढे, धुक्यात, मोठमोठी शिंगे दिसत होती. ज्यांच्याकडे सगळ्यांनी पाठ फिरवली होती, ते इथे होते.

हरिणी एका खडकाला टेकून बसली. तिला तहान लागली होती, पण ती झऱ्याकडे गेली नाही.

सकाळी उजाडले, पण धुके हटले नाही. त्या धुक्यात हुंकार ऐकू आला. बेहड्याचाच तो हुंकार, पण बेहडा तर वर कितीतरी दूर राहिला होता. हरिणी दचकून उठली. तेव्हा तिला दिसले, की थोड्या अंतरावर दगडावर कुणीतरी बसले आहे. पाठमोरे. अंगावरचे केस पिकून पांढरे झालेले, पाठीचे मणके वर आलेले. ती एक म्हातारी वानरीण होती.

“नवी आलीस?” वळून न पाहता वानरिणीने विचारले. “बस. इथं बसायचं असतं.”

“कुठपर्यंत?” हरिणीने विचारले.

“संपेपर्यंत. एकदा मेलेल्याला पुन्हा मरायला फार वेळ लागत नाही. मी पुष्कळ पाहिलेत.”

हरिणीच्या अंगावर काटा आला. ती हळूहळू जवळ गेली. वानरिणीच्या पायाशी उंबराची अर्धवट खाल्लेली फळे पडली होती. हरिणी ती पाहते आहे हे लक्षात येताच म्हातारीने ती घाईघाईने दगडाआड सारली. तिला फार लाज वाटलेली दिसली. मग तिने सांगून टाकले, की मेलेल्याने खाऊ नये हे तिला कळते, पण पहिल्या दिवसापासून भूक लागली की हात आपोआप उंबराकडे जातो. बाकीचे सगळे मान खाली घालून बसले आणि नीट मेले. आपल्यालाच ते जमले नाही. इतकी वर्षे झाली, तरी अजून जमत नाही.

म्हातारीच्या तोंडाला लागलेल्या उंबराच्या वासाने हरिणीला आपली भूक जाणवली. आणि भूक लागली, तशी तिला पाडसाची आठवण आली. पाडस आठवले, तशी तिची आचळे तटतटून आली. बघता बघता दुधाचे थेंब खालच्या दगडावर टपकू लागले. हरिणी ते थेंब पाहत उभी राहिली. दगडाच्या फटीतून एक मुंगी आली, मग आणखी काही आल्या, आणि त्या थेंबांना लागल्या. हे दूध मेलेल्या आईचे आहे, असे मुंग्यांना कुणी सांगितलेले नव्हते.

“आजी,” हरिणी म्हणाली, “मेलेल्या आईला पान्हा फुटतो का?”

वानरीण म्हणाली, “मला फुटला होता. पुष्कळ दिवस. नंतर आटला.”

त्यानंतर ती बोलत राहिली, आणि हरिणी ऐकत राहिली. हाक आली तेव्हा तिचे पिल्लू सावलीबाहेर खेळत होते; ती बाहेर येताच ते धावत येऊन तिच्या पोटाला बिलगले. टोळीतल्या चौघींनी मिळून त्याच्या मुठी सोडवल्या. त्याच्या मुठीत हिचे केस राहिले. पिल्लाच्या शेपटीचे टोक जन्मतःच वाकडे होते, म्हणून ती त्याला जास्तच जपत असे. आता तो मोठा झाला असेल, असे ती म्हणाली. मग स्वतःच थांबली आणि मेलेल्याने असे काही मनात आणू नये, असे पुटपुटली.

हरिणीने वाकड्या टोकाची शेपटी पाहिलेली होती. ऐनाच्या शेंड्यावरून ती रोज लोंबकळत असे. पहारा करणाऱ्या म्होरक्याचीच ती शेपटी होती.

दुपारी दरीत वारा शिरला, आणि सकाळचा हुंकार पुन्हा सुरू झाला. तो जवळूनच येत होता. म्हातारी सवयीने म्हणाली, की इथे हे असेच असते, इथे कुणीतरी सारखे बोलावतच असते. हरिणीला भीती वाटत होती. पण आता आणखी वाईट काय व्हायचे राहिले होते? ती आवाजाच्या मागावर निघाली. एका उभ्या कातळापाशी येऊन थांबली. कातळाला आरपार भोक होते. वारा आला की भोक हुंकारे, वारा पडला की गप्प होई. हरिणीने डोळे मिटले आणि आपले नाक त्या भोकावर दाबले. हुंकार थांबला. तिने नाक काढले. हुंकार पुन्हा सुरू झाला.

तिथे कुणीही नव्हते. दगड होता आणि वारा होता.

कितीतरी वेळ ती तशीच उभी राहिली. मग झऱ्यावर गेली आणि साळिंदराच्या काट्यांशेजारी उभी राहून पोटभर पाणी प्यायली. तिने म्हातारीला सगळे समजावून सांगितले आणि आपल्याबरोबर वर चला म्हणून विनवले. म्हातारी उठली नाही. वर गेले आणि कळपाचे काही बरेवाईट झाले, तर त्या कळपात आपला मुलगा आहे, असे ती म्हणाली. एवढी वर्षे ती केवळ भीतीने इथे बसून राहिली नव्हती. मुलावरच्या मायेने बसून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे हरिणी एकटीच चढून वर आली.

त्या सकाळी वरच्या रानातही धुके उतरले होते. हरिणी धुक्यातून बाहेर आली, तेव्हा कळप चरत होता. एका मोराने तिला पाहिले आणि त्याची मान ताठ झाली. कुणी ओरडले नाही, कुणी पळाले नाही. एकेक प्राणी मुकाट्याने वळला. हरिणी जिकडे जाई, तिकडे तिला पाठीच दिसत. ती एकीच्या समोर जाऊन उभी राहिली, तर तिने डोळे मिटून घेतले. दुसरीने उघड्या डोळ्यांनी तिच्या आरपार मागच्या झाडाकडे पाहिले. ती आपल्या बहिणीपाशी गेली आणि तिने बहिणीला नावाने हाक मारली. बहिणीचे कान थरथरले, पण तोंडातून शब्द आला नाही. आपल्याच घरात, ओळखीच्या चेहऱ्यांमध्ये, आपण नाही आहोत. हरिणीला दरीतल्या हाडांपेक्षा याची जास्त भीती वाटली. क्षणभर तिला वाटलेही, की इतके सगळे चुकत कसे असतील? कदाचित आपणच मेलेलो असू.

तेवढ्यात गवतात काहीतरी हलले. पाडस होते. त्याला पाजायला घेतलेल्या हरिणीला स्वतःचे पिल्लू होते, तिने याला लाथेने दूर सारले होते. ते वाळून गेले होते, त्याचे पाय लटपटत होते. त्याला हाकेचे नियम अजून कुणी शिकवले नव्हते. ते अडखळत आले, आईच्या पोटाशी शिरले आणि ढुशी देऊन दूध पिऊ लागले.

साऱ्या रानात शांतता होती, आणि त्या शांततेत पाडसाच्या चोखण्याचा आवाज येत होता. एकदोघांनी मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले. पाडसाच्या तोंडाला फेस आला होता.

वरून वानर खाकरला. तो झपाट्याने खाली आला आणि त्याने सगळ्यांना डोळे घट्ट मिटायला सांगितले. हा भास आहे, असे तो म्हणाला. भूत आपल्या पिल्लालाही बरोबर नेईल आणि मग आपल्यालाही. मग तो हरिणीवर ओरडला, “परत दरीत जा!” भुताशी बोलायचे नाही, हा नियम त्या दिवशी त्याने स्वतःच मोडला, तो हरिणीला हाकलण्यासाठी.

हरिणी त्याच्याकडे पाहत म्हणाली, “दादा, तुमची आई जिवंत आहे.”

वानराचे ओठ हलले. “माझी आई हाकेनं गेली. मी लहान होतो तेव्हा.”

“ती दरीत आहे. उंबरं खाते आणि खाल्ल्याची लाज बाळगते. तुमच्या मुठी कशा सोडवल्या, ते तिनं मला सांगितलं.”

वानराने तिला गप्प बसायला सांगितले. त्याचा आवाज चिरकला होता. त्याने हरणांच्या नरांना पुढे व्हायला सांगितले, आणि नर डोळे मिटूनच, शिंगे पुढे करून तिच्यावर चालून आले. हरिणीने प्रतिकार केला नाही. तिचे पाडस तिच्याजवळ होते. शिंगांच्या टोकांपुढे मागे मागे सरत ती कड्यापर्यंत गेली आणि पाडसाला घेऊन दरीत उतरली.

त्यानंतर कळप झाडाच्या कोपाची वाट पाहू लागला. भूत येऊन गेले होते, पाडसाने त्याला स्पर्शही केला होता. आता काहीतरी होणारच होते. पण काहीच झाले नाही. पाणवठा आटला नाही, कुणी आजारी पडले नाही. झाड सवड देत आहे, असे काहीजण म्हणाले. इतरांनी माना डोलावल्या.

वानराला मात्र चैन पडेना. पहाऱ्यावर बसला की त्याची नजर कड्याकडे जाई. एकदा बिबट्या झुडपापर्यंत आला, तरी त्याला दिसला नाही. मोर ओरडला, म्हणून सगळे वाचले. तो खाईनासा झाला.

मग एके दिवशी हरिणीची बहीण त्याच्या झाडाखाली येऊन उभी राहिली. तिने त्याला चला म्हटले आणि पाणथळ जागेपर्यंत नेले. तिथल्या चिखलात खुरांचे ठसे होते, मोठे आणि त्यांच्यालगत इवलेसे. ठसे कड्याच्या दिशेने गेले होते.

“दादा,” बहीण म्हणाली, “भुताचे ठसे उमटतात का?”

वानर खाली वाकला आणि त्याने पंजाने एक ठसा पुसून टाकला. दुसराही पुसला. तिसऱ्यावर हात ठेवला आणि तिथेच थांबला. चिखलाने भरलेल्या आपल्या हाताकडे तो पाहत राहिला. मग बहिणीकडे न बघता म्हणाला, “ती जिवंत असेल, तर मी इतक्या जणांना कुठे पाठवलं?”

तिनेही पाठ फिरवली होती.

वानर एकटाच दरीत उतरला. बेहड्याची हाक न येता स्वतःहून दरीत उतरणारा तो पहिलाच. करवंदीखालची हाडे त्याने पाहिली. झऱ्याकाठचे काटे पाहिले. ते कुणाचे, हे त्याला विचारावे लागले नाही. त्याने प्रत्येकाला स्वतः निरोप दिला होता. पुढे धुक्यात दगडावर पांढरी पाठ दिसली. तो जवळ गेला, आणि त्याच्या पायांखाली पाने वाजली.

“आणखी एक आला,” म्हातारी वळून न पाहता म्हणाली. “बस, बाळा. घाबरू नकोस. मेल्यावर फारसं दुखत नाही.”

वानर तिच्या मागे बसला. मग वानरांची रीत असते तसे, त्याने तिच्या पाठीवरचे केस हळूच बाजूला केले आणि तो त्यातला कचरा वेचू लागला. म्हातारीचे अंग आधी दगडासारखे ताठ झाले. इतक्या वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. मग ते हळूहळू सैल पडले. तिने मागे हात नेऊन चाचपले, तेव्हा वाकड्या टोकाची शेपटी तिच्या हाताला लागली.

“तुलाही हाक आली?” तिने विचारले, आणि तिचा आवाज फुटला. “तुला येऊ नये, म्हणून तर मी इथं बसले होते.”

“मला हाक आली नाही, आई. मी मेलो नाही. तूही मेली नव्हतीस.”

म्हातारीला ते पटेना. तेव्हा पाडसाला पाठीशी घेऊन हरिणी पुढे आली. दोघांनी मिळून म्हातारीला उठवले आणि आधार देत कातळापर्यंत नेले. वारा सुटला होता, कातळ हुंकारत होता. वानराने आपल्या आईचा हात धरून त्या भोकावर ठेवला. हुंकार थांबला. म्हातारीने हात काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. मग हात तसाच भोकावर दाबून ती उभी राहिली. हाताखाली वारा धडपडत होता, तेवढीच काय ती हालचाल.

शेवटी ती मुलाकडे वळली. तिने त्याचा चेहरा पाहिला. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसता प्रश्न होता.

“मी जिवंत होते,” ती म्हणाली, “तर मग मला बघायला कुणी आलं का नाही?”

वानर आईच्या पायांशी डोके टेकून रडला.

दुसऱ्या दिवशी तो वर गेला आणि साऱ्या कळपासमोर त्याने जे पाहिले ते सांगितले. ऐकवत नाही म्हणून काहीजण उठून गेले. वानरालाच भूत लागले, असे काहीजण म्हणाले. ज्यांचे कुणी दरीत गेले होते, त्यांना सगळ्यांत जास्त राग आला. एका म्हाताऱ्या रानडुकराने तर विचारले, की तू म्हणतोस ते खरे असेल तर आम्ही रात्री झोपायचे कसे? वानराने त्याच्याशी वाद घातला नाही. त्याने फक्त एवढेच सांगितले, की दरी फार मोठी आहे. त्याने तिचे एकच टोक पाहिले आहे, आणि हाडे मोजकीच आहेत. गेले त्या मानाने फारच थोडी.

ते ऐकून हरिणीची बहीण उठली. तिच्यामागून मोर उठला. मग आणखी काही उठले. सगळे नाही.

ते कड्यावर आले, तेव्हा दरी धुक्याने काठोकाठ भरली होती. वानर सगळ्यांत पुढे, अगदी कडेला जाऊन उभा राहिला. आजवर त्या दरीच्या दिशेने कुणीही आवाज दिला नव्हता. त्याने तोंडाशी हात धरले आणि पूर्ण ताकदीने विचारले, “कुणी आहे का?”

त्याचाच आवाज पलीकडच्या कड्यावर आपटून परत आला आणि विरून गेला. मागचे सगळे एकमेकांना चिकटून उभे राहिले. खाली पांढरे धुके निश्चल होते. वानराने पुन्हा विचारले. पुन्हा प्रतिध्वनी आला, आणि पुन्हा शांतता. मोर हलकेच म्हणाला, की आता परत जावे.

आणि मग खूप खोलवरून, दरीच्या दुसऱ्या टोकाकडून, आवाज आला. तो प्रतिध्वनी नव्हता. बारीक, घोगरा, कित्येक दिवसांत न वापरलेला आवाज. कुणाचा आहे, ते ओळखू येत नव्हते.

“आहे,” तो म्हणाला.

वानर धुक्यात उतरू लागला.

तात्पर्य : सगळे मानतात म्हणून एखादी समजूत खरी ठरत नाही, आणि तिच्यासाठी आपण फार काही गमावले म्हणूनही ती खरी ठरत नाही. उलट, जिच्यापायी आपण आपलीच माणसे सोडून दिली, तिलाच सर्वांत आधी प्रश्न विचारावा. तो प्रश्न विचारायला जितका उशीर होईल, तितके कुणीतरी दरीत वाट पाहत राहते.